मोटारीचें तेल : खनिज कीं संश्लिष्ट ?

गेल्या महिन्याच्या टपालांत सांगलीकडील एका भगिनीचें पत्र आलें. पत्र चार पानांचें असलें तरी त्यांतील प्रश्न एका ओळीचा आहे. त्यांच्या घरीं तीन भाऊ एकत्र राहतात. चूल एक, खर्चाची पेटी एक आणि दारांत मोटारी दोन. पहिली २००९ सालची, पेट्रोलवर चालणारी लहान गाडी. बाजार, मुलांची शाळा आणि सासूबाईंना दवाखान्यांत नेणें-आणणें एवढीं तिचीं कामें. दुसरी २०२१ सालची डिझेलची. तींतून मधले दीर धंद्यानिमित्त पुण्यास व बेळगांवीं वरचेवर जातात. दोन्ही गाड्यांचें तेल बदलण्याची वेळ आली तेव्हां मिस्त्रीनें दोहींतही 'सिंथेटिक' तेल घालावें असें सुचविलें. थोरले दीर म्हणाले, "हा सगळा नांवाचा महिमा. नानांनीं जन्मभर साधें तेल घातलें, त्यांची गाडी कधीं अडली नाहीं." मधले म्हणाले, "दादा, दोन हजार रुपयांसाठीं लाखांची वस्तु धोक्यांत घालतां काय ?" गोष्ट जेवणाच्या पानापर्यंत गेली आणि दोन दिवस भावाभावांचें बोलणें बंद पडलें. "आपण वडीलधारे आहां, कोणाचें खरें तें लिहा, म्हणजे अंक दोघांच्यापुढें ठेवीन," असें त्या भगिनी लिहितात.

आमचा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेला. यंत्रविद्येची पदवी आमच्यापाशीं नाहीं. तथापि ज्या प्रश्नानें दोन भावांचें बोलणें बंद पडतें तो केवळ मिस्त्रीचा प्रश्न राहत नाहीं, तो गृहस्थाश्रमाचा होतो. आणि या सदराचा विषय तोच आहे. म्हणून या महिन्यांत आम्हीं मोटारींच्या पोथ्या उघडल्या, हात काळे करून पोट भरणाऱ्या दोन-तीन अनुभवी माणसांस विचारलें, आणि जें निश्चित समजलें तें येथें मांडीत आहों.

प्रथम तेल करतें काय तें पाहूं. इंजिनाच्या पोटांत धातूचे भाग मिनिटास दोन-तीन हजार फेऱ्यांच्या वेगानें एकमेकांस चाटून फिरत असतात. त्यांच्यामध्यें मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्यांत मोजावा असा तेलाचा पापुद्रा असतो, म्हणूनच धातूस धातु घासत नाहीं. याखेरीज जेथें पाणी पोंचत नाहीं तेथील उष्णता तेल वाहून नेतें. जळणाची काजळी आपल्या अंगांत धरून ठेवतें. जळण्यांतून उत्पन्न होणारीं आम्लें मारतें. आणि दट्ट्या व नळकांडें यांमधील फट बुजवून दाब टिकवितें. संस्कृतांत तेलास 'स्नेह' असा शब्द आहे आणि प्रेमासही तोच आहे. दोन वस्तु एकमेकींस लागूनच राहावयाच्या, पण घासावयाच्या नाहींत, असें ज्याच्यामुळें घडतें तो स्नेह. आमच्या पूर्वजांनीं हा शब्द बैलगाडीच्या आंसाकडे पाहून योजिला कीं एकत्र कुटुंबाकडे पाहून, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

'तैल' शब्द तिळापासून निघाला. अर्थात् पहिलें तेल वनस्पतीचें. आणि मोटारीच्या बालपणींही तसेंच होतें. चार्ल्स वेकफील्ड या इंग्रज गृहस्थानें १८९९ सालीं काढलेल्या कंपनीनें १९०९ सालीं एरंडेल मिसळलेलें मोटार-तेल काढलें आणि एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच त्यास 'कॅस्ट्रॉल' म्हटलें. पहिल्या महायुद्धांतील (१९१४-१८) कित्येक विमानांच्या इंजिनांत एरंडेलच ओतीत असत. आपल्या घरांत मुलांना नाक धरून पाजलें जाणारें हें तेल तापलेल्या धातूस उत्तम चिकटून राहतें. परंतु जुनें झालें कीं त्याचा चिकटा होतो. म्हणून भूगर्भांतून निघणाऱ्या तेलाची सत्ता सुरू झाली. आपल्या देशांत आसामांतील दिग्बोई येथें १९०१ सालीं शुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला.

आतां 'खनिज' आणि 'संश्लिष्ट' यांतील भेद. भूगर्भांतील कच्चें तेल तापवून त्याचे हलके-जड भाग निराळे करितात. त्यांतील जड भागांतून मेण, गंधक इत्यादि काढून टाकून जें उरतें तें खनिज वंगण-तेल. ही क्रिया धान्य चाळण्यासारखी आहे. चाळणी कितीही बारीक असली तरी दाणे लहान-मोठे राहतात आणि एखादा खडाही राहतो. दुसऱ्या रीतींत इथिलीनसारख्या साध्या वायूपासून आरंभ करून रेणूस रेणू जोडीत हव्या त्या मापाचे मोठे रेणू बनवितात. ही क्रिया एका मापाचे लाडू वळण्यासारखी आहे. सर्व सारखे आणि त्यांत नको असलेलें कांहीं नाहीं. युद्धकाळीं (१९३९-४५) जर्मनीस खनिज तेलाची चणचण पडली तेव्हां तेथील रसायनशास्त्रज्ञांनीं अशा तेलांवर पुष्कळ काम केलें. पुढें जेट विमानांच्या इंजिनांस त्यांवांचून चालेना. आणि १९७० नंतरच्या दशकांत तीं मोटारींसाठीं दुकानांत विकावयास आलीं.

'सिंथेटिक' याचें भाषांतर कित्येक लोक 'कृत्रिम' असें करितात आणि तेथेंच घोटाळा होतो. कृत्रिम म्हटलें कीं आपल्या मनांत साजूक तुपापुढें ठेवलेला वनस्पतीचा डबा उभा राहतो. आमच्या समजुतीनें थोरल्या दिरांच्या रागाचें मूळ पुष्कळ अंशीं या शब्दांतच आहे. संश्लेष म्हणजे जोडणी. येथें जोडून केलेली वस्तु ही नैसर्गिक वस्तूची नक्कल नव्हे. ती निवडून घेतलेल्या वस्तूहून अधिक एकसारखी असते, एवढाच अर्थ. म्हणून आम्ही 'संश्लिष्ट' हाच शब्द वापरूं.

परंतु मधल्या दिरांनींही फार हर्ष मानूं नये. कारण डब्यावरील 'सिंथेटिक' या शब्दाची शुद्धता वाटते तितकी नाहीं. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या संस्थेनें मूळ तेलांचे पांच वर्ग केले आहेत. पहिले तीन कच्च्या तेलापासून निघालेले, चौथा वर सांगितल्याप्रमाणें जोडून केलेला, आणि पांचव्यांत राहिलेलीं सर्व. तिसऱ्या वर्गाचें तेल कच्च्या तेलाचेंच असतें, परंतु प्रचंड उष्णता व दाब यांखालीं हायड्रोजन देऊन त्याच्या रेणूंची रचना इतकी पालटलेली असते कीं गुणांत तें चौथ्याच्या जवळ जातें. अशा तेलास 'संश्लिष्ट' म्हणावें काय, यावरून मोबिल आणि कॅस्ट्रॉल या दोन कंपन्यांत तंटा लागला. १९९९ सालीं अमेरिकेंतील जाहिरातींची शहानिशा करणाऱ्या मंडळानें 'म्हणण्यास हरकत नाहीं' असा निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूनें दिला. तेव्हांपासून दुकानांतील 'संश्लिष्ट' तेलाचा बराच भाग तिसऱ्या वर्गाचा असतो. तें वाईट नाहीं, चांगलेंच आहे. पण शब्दास भुलून दुप्पट किंमत देणाऱ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें. 'अर्ध-संश्लिष्ट' म्हणून जें मिळतें त्यांत संश्लिष्ट भाग किती असावा याचें तर सर्वमान्य प्रमाणच नाहीं.

आणखी एक गोष्ट. मूळ तेल कोणतेंही असो, डब्यांत तें एकटें नसतें. काजळी धुणारीं, आम्ल मारणारीं, झीज थांबविणारीं, फेंस न होऊं देणारीं अशीं अनेक द्रव्यें त्यांत मिसळलेलीं असतात. आमटीची चव जशी एकट्या डाळीवर ठरत नाहीं, फोडणीवरही ठरते, तसेंच हें आहे. हलक्या फोडणीच्या संश्लिष्ट तेलापेक्षां चांगल्या फोडणीचें खनिज तेल सरस ठरूं शकतें.

मग संश्लिष्ट तेलाचा खरा गुण कोणता ? तीन गुण निर्विवाद आहेत. तें थंडींत कमी गोठतें, म्हणून इंजिन सुरू होतांच वरच्या भागांस लवकर पोंचतें. तें उष्णतेंत कमी करपतें व कमी उडून जातें, म्हणून त्याची राब कमी सांचते. आणि याच कारणानें तें अधिक दिवस टिकतें. अमेरिकेंतील एएए या मोटारसंघानें २०१७ सालीं दोन्ही जातींच्या तेलांच्या आठ ठराविक कसोट्या घेतल्या, त्यांत संश्लिष्ट तेलें सरासरीनें ४७ टक्के सरस ठरलीं. पण या कसोट्या प्रयोगशाळेंतल्या. त्यांचा अर्थ इंजिन ४७ टक्के अधिक जगेल असा नव्हे. लडाखच्या हिवाळ्यांत पहिल्या गुणाचें मोल फार. सांगलीच्या हिंवांत तितकें नाहीं. दुसऱ्या गुणाचें मोल मात्र आपल्याकडेही मोठें आहे, विशेषतः ज्या इंजिनास टर्बो जोडला आहे त्यास. कारण टर्बोची दांडी मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेते आणि तिला थंड ठेवणारें व सांवरणारें तेंच तेल असतें.

आतां डब्यावरील अक्षरें. तीं वाचतां येणें हें या सर्व चर्चेहून अधिक उपयोगी आहे. '५डब्ल्यू-३०' असें लिहिलेलें असतें. त्यांतील डब्ल्यू म्हणजे 'विंटर', हिवाळा. डब्ल्यूच्या मागील आंकडा थंडींतील वाहतेपण दाखवितो. तो जितका लहान तितकें थंडींत तेल पातळ. पुढील आंकडा १०० अंश सेल्सिअस उष्णतेवर तेल किती दाट राहतें तें दाखवितो. हे आंकडे अमेरिकेंतील मोटार-इंजिनियरांच्या एस.ए.ई. या संस्थेनें ठरविलेले आहेत. 'दाट तेल म्हणजे सकस तेल' असा एक समज आहे. दाट तें सकस ही दुधाची कसोटी. ती तेलास लावूं नये. इंजिनाच्या फटी ज्या मापाच्या, त्या मापाचें तेल हवें. जुन्या गाडीस २०डब्ल्यू-४० सांगितलें असेल, तर अलीकडील पुष्कळ लहान पेट्रोल गाड्यांस ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ सांगतात. इतकें पातळ तेल साध्या खनिज मूळ तेलापासून करतांच येत नाहीं. म्हणजे अशा गाडीच्या धन्यापुढें निवडीचा प्रश्नच उरत नाहीं.

दुसरी अक्षरें 'एपीआय' या खुणेची. पेट्रोलच्या गाडीस 'एस'नें आरंभ होणारी जोडी : 'एसएन' २०१० सालची, 'एसपी' २०२० सालची, 'एसक्यू' २०२५ सालची. पुढचें अक्षर मागच्याचें काम सामान्यतः करितें, मागचें पुढच्याचें करीत नाहीं. डिझेलच्या नव्या मोटारींस बहुधा युरोपांतील 'एसीईए' या संस्थेची खूण सांगितलेली असते. हीं अक्षरें पोथींत जशीं दिलीं तशीं डब्यावर आहेत कीं नाहींत, एवढें पाहतां आलें म्हणजे 'सिंथेटिक' या शब्दाकडे मागाहून पाहिलें तरी चालेल.

पोथी म्हणजे गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका. देव्हाऱ्यांत रेशमी वस्त्रांत बांधून ठेवलेल्या पोथीची जी अवस्था, तीच गाडीच्या खणांतील या पोथीची. फुलें वाहावीं, पण उघडूं नये ! वस्तुतः इंजिन ज्यांनीं घडविलें त्यांनीं कोणतें तेल, किती, आणि किती किलोमीटरनें किंवा किती महिन्यांनीं, हें तींत स्पष्ट लिहिलेलें असतें.

या पोथीच्या आधारें भगिनींच्या प्रश्नाकडे वळूं. २०२१ सालची त्यांची डिझेल गाडी 'भारत स्टेज ६' या नियमांखालची. हे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. अशा गाडीच्या धुराड्यांत काजळी अडविणारा फिल्टर असतो. त्यांत सांचलेली काजळी गाडी ठराविक वेळीं जाळून टाकते, परंतु तेलांतील धातुमय द्रव्यांची राख जळत नाहीं. ती सांचत जाऊन फिल्टर कायमचा तुंबतो. म्हणून अशा गाडीस कमी राखेचें तेल सांगितलेलें असतें, आणि तें बहुधा संश्लिष्टच असतें. येथें साधें खनिज तेल घालून जे पैसे वांचतील, त्यांच्या कित्येक पट खर्च पुढें फिल्टरास येईल. तेव्हां या गाडीपुरतें मधल्या दिरांचें म्हणणें बरोबर आहे. मात्र त्याचें कारण 'सिंथेटिक भारी' हें नव्हे, 'पोथी तसें सांगते' हें आहे. पोथींतील खूण नसलेलें महागडें संश्लिष्ट तेलही या गाडीस तितकेंच अयोग्य.

२००९ सालच्या गाडीची गोष्ट वेगळी. तिच्या पोथींत साध्या तेलास मुभा असेल, तर तें घालण्यांत कांहींही कमीपणा नाहीं. तिला घातक आहे ती तिची चाल. दीड मैल बाजार, अर्धा मैल शाळा, कीं इंजिन बंद. इंजिन पुरतें तापतच नाहीं. त्यामुळें जळणांतून निघणारें पाणी आणि न जळलेलें पेट्रोल तेलांत उतरतें व उडून जात नाहीं. अशा चालीस पोथ्यांमध्यें 'कष्टाचा वापर' असें म्हणून तेलाची मुदत कमी सांगितलेली असते. वाचकांस नवल वाटेल, पण महामार्गावर दिवसभर धांवणारी गाडी सुखांत असते आणि गल्लींत फिरणारी कष्टांत. आणि या पाण्यास तेलाची जात समजत नाहीं. तें संश्लिष्टांतही तितकेंच उतरतें. येथें थोरले दीर बरोबर. परंतु 'नानांचें साधें तेल' म्हणतांना नाना तें किती वेळां बदलीत असत हेंही त्यांनीं आठवावें. शिवाय आठवड्या-पंधरवड्यानें ही गाडी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यानें न्यावी, म्हणजे तेलांतील पाण्याची वाफ होऊन जाईल. सासूबाईंसही तेवढाच वारा लागेल.

पैशाचा हिशेब मांडून पाहूं. आंकडे केवळ उदाहरणाचे आहेत. आपल्या गांवचे भाव घालून वाचकांनीं तो पुन्हां करावा. समजा, इंजिनांत साडेतीन लिटर तेल मावतें. खनिज तेल लिटरास ३५० रुपये, संश्लिष्ट ८०० रुपये, आणि फिल्टर व मजुरी मिळून दर खेपेस ६०० रुपये. एका खेपेस खनिजाचा खर्च १,८२५ रुपये, संश्लिष्टाचा ३,४०० रुपये. आतां एखादी गाडी वर्षास १०,००० किलोमीटर महामार्गानें चालते आणि पोथी खनिजास ५,००० व संश्लिष्टास १०,००० अशी मुदत देते. वर्षाचा खर्च खनिजाचा ३,६५० रुपये, संश्लिष्टाचा ३,४००. म्हणजे 'महाग' तेल अडीचशें रुपयांनीं स्वस्त पडलें ! तेंच गल्लींतल्या गाडीस कोणतेंही तेल सहा महिन्यांनीं बदलणें भाग असेल, तर खनिजाचे ३,६५० आणि संश्लिष्टाचे ६,८०० रुपये. वरचे ३,१५० रुपये जवळ जवळ व्यर्थ. एकाच घरांत, एकाच वर्षीं, दोन्ही भावांचीं मतें अशीं खरीं ठरतात. मात्र संश्लिष्ट तेलाच्या डब्यावर कांहींही लिहिलेलें असो, पोथीच्या मुदतीपलीकडे तें चालवूं नये; हमीची मुदत चालू असतां तर मुळींच नव्हे.

कांहीं समजुती काढून टाकाव्या. संश्लिष्ट व खनिज तेल एकत्र झालें तर नासतें, हें खरें नाहीं, तीं मिसळतात. वाटेंत तेल कमी पडलें तर योग्य खुणेचें जें मिळेल तें घालून घर गांठावें. गुण मध्यम होईल, इतकेंच. एकदां संश्लिष्ट घातलें कीं पुन्हां खनिजाकडे येतां येत नाहीं, हेंही खरें नाहीं. जुन्या इंजिनांत संश्लिष्ट घातल्यास गळती लागते, यांत थोडें तथ्य आहे. पूर्वींच्या कांहीं संश्लिष्ट तेलांनीं रबरी जोड आकसत असत. आजचीं तेलें तसें करीत नाहींत. पण झिजलेला जोड केवळ राबेनें बुजून राहिला असेल, तर ती राब धुतल्यावर तो उघडा पडतो. तेल काळें झालें म्हणजे बिघडलें, हाही भ्रम. काजळी अंगावर घेणें हें त्याचें कामच आहे. डिझेलच्या गाडींत तें थोडक्याच दिवसांत काळें होतें. उलट तें दुधाळ दिसूं लागलें तर त्यांत पाणी शिरलें असें समजून मिस्त्रीस दाखवावें. स्कूटर वा मोटारसायकल घरीं असेल तर मोटारीच्या डब्यांत उरलेलें तेल तींत ओतूं नये. मोटारसायकलचा क्लच तेलांतच बुडालेला असतो व तो घसरूं लागतो. तिच्यासाठीं 'जासो एमए' अशा खुणेचें तेल निराळें मिळतें. आणि ज्यांच्या दारांत केवळ विजेची गाडी आहे, त्यांच्यापुढें हा प्रश्नच नाहीं. तिला इंजिन नाहीं, म्हणून इंजिनाचें तेलही नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती तेलाच्या जातीची नाहीं. आमच्या परिचयाचें एक कुटुंब चिपळुणास राहतें. घरांतील आजोबांच्या डोळ्याचा आंतील पडदा सुटला आणि डॉक्टरांनीं त्यांस त्याच दिवशीं पुण्यास नेण्यास सांगितलें. गाडींत तेल उत्तमांतलें संश्लिष्ट होतें. परंतु तें घालून दोन वर्षें लोटलीं होतीं. इंजिन थोडें थोडें तेल खात होतें आणि तेल मोजण्याची पट्टी कोणींच ओढून पाहिली नव्हती. मुलास वाटे पुतण्या पाहत असेल, पुतण्यास वाटे काका पाहत असतील. कुंभार्लीच्या चढावर झारीच्या आकाराचा तांबडा दिवा लागला. गाडी हांकणाऱ्या पुतण्यानें विचार केला, घाट चढून गेल्यावर तेल घेऊं. घाटमाथ्याच्या अलीकडेच इंजिन जखडलें. दुसरी गाडी मिळून पुण्यास पोंचेपर्यंत रात्र झाली. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशीं. डोळा वांचला, पण पूर्वीसारखें दिसत नाहीं. तो त्या उशिराचा परिणाम कीं मुळांतील दुखण्याचा, हें डॉक्टरही सांगूं शकले नाहींत. पुतण्या मात्र आजोबांस वर्तमानपत्र वाचून दाखवितांना अजून मान वर करीत नाहीं.

म्हणून घरांत जो जो गाडी हांकतो, मग तो मुलगा असो कीं सून, त्यास दोन गोष्टी आल्याच पाहिजेत. पहिली, पट्टी पाहणें. गाडी सपाट जागीं उभी करून, इंजिन बंद केल्यावर कांहीं मिनिटांनीं पट्टी काढावी, पुसावी, पुन्हां घालून काढावी. तेल दोन खुणांच्या मध्यें हवें. खालच्या खुणेखालीं गेलें तर धोका. वरच्या खुणेवर भरलें तरीही धोका, कारण फिरत्या भागांनीं घुसळून त्याचा फेंस होतो. डिझेलच्या नव्या गाडींत तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर त्यांत डिझेल उतरत आहे असें समजावें व लगेच दाखवावें. महिन्यांतून एकदां एवढें करण्यास चहा गाळण्याइतकाही वेळ लागत नाहीं. दुसरी गोष्ट, तो तांबडा दिवा. तेल थोडें कमी झाल्याची ती सूचना नव्हे. इंजिनांत तेलाचा दाब उरला नाहीं अशी ती ओरड आहे. तो दिवा चालत्या गाडींत लागला तर घाट नाहीं, पंप नाहीं, पुढचें गांव नाहीं. जपून बाजूस घेऊन तेथल्या तेथें इंजिन बंद करावें.

तेल विकत घेतांना डब्याचें मोहर लावलेलें झांकण आपल्यासमोर उघडावयास सांगावें, आणि रिकाम्या डब्यास तेथेंच भोंक पाडावें. म्हणजे त्यांत भेसळीचें तेल भरून तें दुसऱ्या कोणाच्या गळ्यांत बांधलें जाणार नाहीं. काढलेलें जुनें तेल गटारांत, विहिरीच्या कडेस किंवा झाडांच्या आळ्यांत ओतूं नये. २०१६ सालच्या नियमांप्रमाणें त्याची गणना घातक कचऱ्यांत होते. तें परवानाधारक पुनःशुद्धीकरण करणाऱ्याकडे पाठविणाऱ्या मिस्त्रीकडेच सोंपवावें.

शेवटीं एकत्र कुटुंबास एक सूचना. एकत्र कुटुंबांतील मोटार म्हणजे बारभाईंची खेती. पेट्रोल ज्याला जायचें तो भरतो, कारण त्यावांचून गाडी हालत नाहीं; तेल कोणीच पाहत नाहीं, कारण त्यावांचून ती आज हालते. म्हणून दर गाडीस घरांतील एकच माणूस नेमावा. तो वयानें थोरला असावा असें नाहीं; नियमित असावा. किराण्याच्या वहींत दर गाडीस एक पान राखावें व त्यावर तारीख, किलोमीटर, तेलाची खूण, किती लिटर आणि किती रुपये, हीं पांच रकान्यांत लिहावीं. पुढच्या खेपेची तारीख त्याच वेळीं तांबड्या शाईनें मांडून ठेवावी, आणि ती ज्या महिन्यांत येते त्या महिन्याच्या खर्चांत तेवढी रक्कम आधींच बाजूस काढावी. म्हणजे ऐन वेळीं 'यंदा राहूं दे' असें म्हणण्यास जागा राहत नाहीं.

सांगलीच्या भगिनींनीं हें पान स्वतःच आंखावें असें आम्ही सुचवितों. दोन्ही दिरांस एके रविवारीं सकाळीं दोन्ही गाड्यांच्या पोथ्या घेऊन बसवावें आणि तेलाची खूण त्यांच्याकडूनच वाचून घेऊन वहींत उतरावी. कोणतें तेल घालावें हें पोथी सांगेल. तें वेळेवर घातलें जाईल कीं नाहीं, हें त्या वहीवर अवलंबून आहे.